दुधाळ तेल

१२ एप्रिल

चि. तोशियास,

अनेक आशीर्वाद. सूनबाई चिहारू आणि छोटी मेइ बऱ्या असतील. इथलं बर्फ आता शेडच्या मागच्या सावलीत तेवढं उरलं आहे, काळंकुट्ट, कुणी कोळसा सांडावा तसं. गटाराच्या कडेला फुकीच्या रानभाजीचे कोंब वर आले. काल ते खुडून मिसोत परतले. तू लहानपणी कडू म्हणून थुंकायचास, तेच. चिहारूला आवडत असतील तर सुकवून पाठवते. आवडत नसतील तर तसं स्पष्ट लिही, मनात काही धरणार नाही.

माझे कान आणखी बिघडलेत. उजवा तर नुसता शोभेला आहे. तुम्ही पाठवलेला मोबाइल खोक्यातून बाहेर काढलेला नाही, रागावू नका. त्यात तुझा आवाज मुंगीसारखा येतो आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत बसते. पत्रच बरं. पत्र दोनदा वाचता येतं.

तुझे बाबा मधल्या खोलीत असतात. सकाळचा पहिला भात मी त्यांच्यापुढे ठेवते. आता कशालाच नावं ठेवत नाहीत, भात मऊ झाला तरी नाही, स्टोव्हमधलं रॉकेल संपलं तरी नाही. जन्मभर ज्याची तोंडपाटीलकी ऐकली तो माणूस असा गप्प बसला की घर फार मोठं वाटायला लागतं.

बरं, कामाचं लिहिते. शनिवारी मी स्कूटर बाहेर काढली. शेडचं मागचं मोठं दार, हिवाळाभर न उघडलेलं, अर्धं बर्फात रुतलेलं होतं, खोऱ्याने मोकळं केलं. चौथ्या किकेला सुरू झाली खरी, पण पांढरा धूर थांबेचना आणि आवाजही नेहमीचा नाही. मला आवाज कुठून कळणार म्हणशील. मी सीटवर हात ठेवते, हाताला कळतं. घशात कफ अडकल्यासारखी थरथरत होती. म्हणून बंद केली आणि तेल पाहायची काडी उपसली, तर काडीला तेल नव्हतंच. चहात दूध जास्त पडावं तसल्या रंगाचं काहीतरी लागलं होतं. झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळट साय. बोटावर घेऊन चोळली तर बुळबुळीत, तेलासारखी आणि नाहीही.

हे काय झालं? पेट्रोल उतरलं का आत? नवीन तेल त्यावरच ओतलं तर चालेल का? कुणाला विचारणार? तू गेल्यापासून बंदरावर गॅरेज नाही. लोक आता गाड्या टेम्पोत टाकून चाळीस किलोमीटर लांब नेतात. पूर्वी एप्रिल लागला की आपल्या अंगणात स्कूटरींची रांग लागायची आणि मी सगळ्यांना चहा देऊन देऊन थकायची.

मला महिनाअखेरीला देवळाच्या टेकडीवर जायचं आहे. काम आहे. ते स्कूटरवरूनच व्हायला हवं, तेव्हा टॅक्सी कर असं लिहू नकोस. मला चालवता येते हे विसरला नसशील. मासळी साफ करायच्या पहाटेच्या कामावर वीस वर्षं मी तिच्यावरूनच जात होते.

आणखी एक. एकोणतीस तारखेपासून तुमच्या सुट्ट्या लागतात. येणं जमेल का? तू निघताना दारात काय म्हणाला होतास ते माझ्या लक्षात आहे. "बाबा स्वतः बोलावतील तेव्हा येईन." नऊ वर्षं तू तो शब्द पाळलास, आणि त्यांनीही आपला हट्ट पाळला. दोघं एका मुशीतले. मी आपली विचारते आहे. आधी तेलाचं कळव.

तुझे
आई-बाबा


१७ एप्रिल

आईस नमस्कार.

पत्र काल मिळालं. दुकानातच बसून लिहितो आहे, कागदाला डाग लागतील. मेइचा एक दात पडला, तो तिने तुला दाखवायला काडेपेटीत ठेवला आहे.

पहिलं म्हणजे, स्कूटर पुन्हा सुरू करू नकोस. एकदासुद्धा नाही. नवीन तेल त्यावर ओतायचं नाही, जुनं सगळं काढावं लागेल.

आता काडी पुसून परत बुडव आणि दोन गोष्टी बघ. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली आहे का, आणि काडीला पेट्रोलचा उग्र वास येतो का. तसं असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपून तेलात उतरलं, आणि मग तो कार्बोरेटर उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. पण अशा वेळी तेल पातळ होतं, पांढरं होत नाही. तू दूध म्हणतेस, साय म्हणतेस. म्हणजे ते पाणी आहे.

हे पाणी बाहेरून शिरलेलं नसतं. थंड इंजिन सुरू केलं की आत वाफ धरते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालली, नीट तापली, तर ती वाफ निघून जाते. तापायच्या आत बंद केली तर तिचं पाणी होतं आणि ते तेलात मिसळतं. इथे शिझुओकात बर्फ पडत नाही, लोक बारा महिने गाड्या पळवतात, त्यामुळे असलं इंजिन माझ्याकडे वर्षातून एखादं येतं. आपल्याकडे दर एप्रिलमध्ये दोन-तीन यायची. कुणी तरी हौशी माणूस असायचा, गाडी "जिवंत राहावी" म्हणून भर जानेवारीत रोज जरा जरा सुरू करणारा. बाबा त्यांना अंगणातच झापायचे.

खाली मोठा बोल्ट आहे, सतरा नंबरचा पाना लागेल. खाली परात ठेव. बोल्टाबरोबरचा वायसर हरवू नकोस. पांढरं सगळं गळू दे, एक रात्र तशीच उभी ठेव. मग बोल्ट बसव, स्वस्तातलं नवं तेल ओत, अर्धा तास टेकडीखाली फिरव, ते तेलही काढून टाक आणि मग चांगलं तेल घाल. आई, प्रत्येक वेळी ओतल्यावर काडीने पाहा. दोनदा पाहा. हे मी सांगावं यात काय आहे ते तुला कळेल.

काम इथे संपलं. पण मला एक गोष्ट समजत नाहीये आणि ती विचारल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही.

हिवाळाभर बंद उभ्या असलेल्या गाडीत फार तर झाकणाला थोडी साय धरते. काडीपर्यंत दूध व्हायचं तर ती गाडी थंडीत सुरू करून लगेच बंद केलेली असली पाहिजे, आणि एकदोनदा नाही. चाळीस-पन्नास वेळा. बाबा हे करणार नाहीत. मी दहा वर्षांचा असताना जानेवारीत शेडमध्ये एकच किक मारली होती, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आणि ते घरात असताना दुसऱ्या कुणाला त्यांनी ते करू दिलं नसतं. तुलाही नाही.

या वर्षी तुमच्याकडून नववर्षाचं कार्ड आलं नाही. चिहारू म्हणाली, ज्यांच्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तेच कार्ड पाठवत नाहीत. मी तिला म्हटलं, बर्फात टपाल अडकलं असेल. तिच्यावर जरा खेकसलोच.

तू लिहिलं आहेस की सकाळचा पहिला भात त्यांच्यापुढे ठेवतेस. ते वाक्य मी कालपासून पुन्हा पुन्हा वाचतो आहे. पहिला भात तर आपण देव्हाऱ्यातल्या पूर्वजांपुढे ठेवतो.

आई, बाबा कुठे आहेत?

तोशिया


२१ एप्रिल

तोशिया,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तरही एका ओळीत देते. तुझे बाबा गेल्या एकवीस नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता गेले.

पुढचं लगेच वाचू नकोस. चिहारूला जवळ बोलाव.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. ते मधल्या खोलीतच आहेत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, पांढऱ्या कापडात बांधलेल्या अस्थींच्या पेटीत. इथलं स्मशान तुला माहीत आहे, नोव्हेंबरपासून थडग्यांचे सगळे दगड बर्फाखाली असतात, टेकडीचा रस्ताही बंद. हिवाळ्यात गेलेला माणूस वसंतापर्यंत घरातच राहतो. पण खरं नसलेलं न लिहिता खरं लपवता येतं, हे मला या पाच महिन्यांत चांगलं जमलं. कार्डही लिहायला घेतलं होतं. "नवं वर्ष सुखाचं जावो" एवढं लिहिलं आणि खाली त्यांचं नाव लिहायला हात चालेना. म्हणून पाठवलं नाही.

सप्टेंबरात पोट दुखायला लागलं. शहरातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं. तुला कळवू का विचारलं तर म्हणाले, नको. ऑक्टोबरअखेर हॉस्पिटलमधून आठ दिवस घरी आणलं होतं. आल्या आल्या काय हवं झालं असेल? स्कूटर. तेल बदलून हिवाळ्याला ठेवायची राहिली म्हणून जीव खाली-वर. वाकता येत नव्हतं, तर शिंपल्यांच्या पेटीवर ब्लँकेट घालून बसले आणि मला हुकूम सोडत राहिले. "पाना उलटा फिरवतेस तू. गॅसचं बटण आहे का ते?" मी सगळं केलं. तेव्हा बोल्ट, परात, वायसर हे तुझ्या आधी त्यांनी मला शिकवलं आहे. ओतून झाल्यावर काडी स्वतःच्या हातात घेऊन पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. मग लाकडी पट्टी मागितली.

हे तुला ठाऊक नसेल. देवळातल्या गुरुजींच्या गाडीचं जुनं तेल काढून नवं ओतायचं तुझ्या हातून राहिलं आणि इंजिन अडकून त्यांचा अपघात झाला, त्यानंतर घर सोडण्याआधीच्या तीन दिवसांत तू अंगणातल्या एकेका गाडीच्या हँडलला पट्टी बांधलीस, तेल काढलं, तेल ओतलं, तारीख. बाबा तेव्हा फिदीफिदी हसले होते, घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप असं काहीतरी बोललेही होते. तू गेलास त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी शेडमध्ये गेले तर आपल्या स्कूटरला पट्टी. त्यांच्या अक्षरात. "नवं तेल ओतलं. दोनदा पाहिलं. बर्फ वितळेपर्यंत सुरू करू नये." दर वर्षी एक. अशा आठ पट्ट्या अवजारांच्या पेटीत नीट बांधून ठेवलेल्या आहेत, आणि या ऑक्टोबरातली नववी हँडलवर. मी एकदा म्हटलं, हे तर तोशियाचं. तर म्हणाले, "पद्धत चांगली आहे. पद्धतीला काय नाव असतं का?" तेवढंच. तेवढंही त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं.

ती नववी पट्टी हँडलवर असताना मी स्कूटर सुरू केली.

ते गेल्यानंतर दर सातव्या दिवशी गुरुजी येत, लंगडत लंगडत, बर्फातून. पहिल्या सातव्या दिवशी ते मंत्र म्हणून परत गेले आणि घरात इतकी शांतता झाली की मला भीती वाटली. माझ्यासारख्या बहिरीला शांततेची भीती वाटावी. मी शेडमध्ये गेले आणि किक मारली. सीटवर हात ठेवला. एकतीस वर्षं ते तिच्यावरून गावभर पाण्याचे मीटर वाचत फिरले, मी मागे बसले की मला त्यांची पाठ आणि ती थरथर एकदमच लागायची. तीन मिनिटं चालू ठेवली असेल. थंडी सोसेना आणि धुराने डोळे चुरचुरायला लागले म्हणून बंद केली. पुढच्या सातव्या दिवशी पुन्हा. एकोणपन्नास दिवसांचे विधी संपल्यावर सातवा दिवस कसला मोजायचा, म्हणून रोज सकाळी. त्यांच्यापुढे भात ठेवायचा, शेडमध्ये जायचं, तीन मिनिटं. तुझा हिशेब बरोबर आहे, फक्त चाळीस-पन्नास नव्हे, जास्तच. त्यांनी नको म्हणून लिहून ठेवलेलं रोज वाचून रोज मोडलं. तेल मीच नासवलं.

आता ते लिहिते जे लिहायचं टाळावं म्हणून पाच महिने तुला काहीच लिहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी दीड वाजला असेल. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. मी पलंगाशी बसून त्यांच्यासाठी संत्रं सोलत होते, माझा डावा कान त्यांच्याकडे होता, आणि डावा अजून बरा आहे. ते म्हणाले, "तोशियाला बोलाव. मी बोलावलंय म्हणून सांग."

मी ऐकलं. नीट ऐकलं, शब्द न् शब्द. आणि मान वर केली नाही.

नऊ वर्षं मी या माणसाच्या विनवण्या केल्या होत्या. तुझं लग्न झालं तेव्हा केल्या, मेइ झाली तेव्हा केल्या, तिचा फोटो जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला तेव्हा केल्या. प्रत्येक वेळी पाठ फिरवून बसले. आणि आता पलंगावर पडल्या पडल्या इतक्या सहज म्हणतात. मला राग आला, तोशिया. मरणाऱ्या माणसाचा राग. मनात आलं, आता म्हणू दे की पुन्हा एकदा. जरा मोठ्याने म्हणू दे. मला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालतातच ना.

ते पुन्हा म्हणाले नाहीत. त्यांना वाटलं, हिला ऐकू गेलं नाही. मग त्यांचा डोळा लागला आणि तीन वाजता नर्स धावत आली. संत्र्याच्या फोडी बशीत तशाच होत्या.

दीड तासात तू पोचला नसतास, हे मला कळतं. स्वतःला मी हेच सांगत आले. पण निरोप निघाला असता. मी उठून बाहेर गेले असते आणि परत येऊन "सांगितलं हो त्याला" एवढं म्हणाले असते, तर ते ऐकून त्यांनी डोळे मिटले असते. तेवढं मी त्यांना दिलं नाही. तुझ्याही वाट्याचं होतं ते.

तू ज्या शब्दासाठी थांबला होतास तो माझ्यापाशी होता आणि मी तो गिळला. तुला मरणाची बातमी द्यायची तर हेही सांगावं लागलं असतं. म्हणून काहीच सांगितलं नाही.

अजून एक आहे. अंत्यविधीला मुलाची जागा रिकामी होती. लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कळवलंय, पण त्याला जमलं नाही. तुझ्या योशिए आत्याने सगळ्यांदेखत तुला नको नको ते म्हटलं. बापाच्या तिरडीला न येणारा मुलगा असण्यापेक्षा निपुत्रिक बरं, इथपर्यंत. आणि मी चहा ओतत राहिले. एकटे गुरुजी म्हणाले, तोशिया तसा नाही. ज्याचा पाय तुझ्या हातून मोडला तो तुझ्या बाजूने बोलला आणि तुझी आई गप्प होती.

एकोणतीसला सकाळी दहा वाजता त्यांना वर नेऊन थडग्यात ठेवायचं आहे. रस्ता काल मोकळा झाला. देवळाचा मीटर त्यांच्या फेरीतला शेवटचा, तिथे पोचले की गुरुजींकडे चहा आणि मग घर. म्हणून त्यांना त्यांच्या स्कूटरवरूनच न्यायचं माझ्या मनात होतं. त्या दिवशी सगळे जमतील, आत्याही येईल. तुझ्या बाबांनी त्या अपघातावरून तुला चारचौघांत अंगणात सुनावलं होतं, तर मीही चारचौघांतच सांगणार आहे, की मुलाला कळवलं नव्हतं, दोष त्याचा नाही, माझा आहे. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी.

तर आता निरोप देते. पाच महिने उशिरा देते आहे, पण त्यांच्याच शब्दांत. तुझ्या बाबांनी तुला बोलावलं आहे. मी बोलावलंय म्हणून सांग, असं म्हणाले आहेत.

रागावला असशील तर रागावूनच ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, बाजूच्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. मेइचा दात आण.

तू सांगितल्याप्रमाणे काल परात ठेवून बोल्ट काढला. पांढरं पांढरं गळत होतं, कितीतरी वेळ, पेज सांडावी तसं. मी शिंपल्यांच्या पेटीवर बसून पाहत होते. सकाळी बोल्ट घट्ट बसवला, वायसरसकट. दोन्ही डबे आणून ठेवले आहेत, स्वस्तातला आणि चांगला. झाकण उघडलं, नरसाळं लावलं आणि मग थांबले.

त्यांची पट्टी मी सोडली आणि बाकीच्या आठांबरोबर ठेवली. हँडलला नवी बांधली आहे. माझं अक्षर तुला ओळखू येईलच. तिच्यावर एवढंच लिहिलं आहे: "तेल काढलं आहे. ओतलेलं नाही. तोशिया ओतेल."

इतकी वर्षं खाली दोघांची नावं लिहायची सवय होती. आज एकच लिहिते.

आई